दाब म्हटलं की दाब

१

जेवणाच्या टेबलावर ब्रेकचे सुटे भाग मांडू नयेत, एवढी साधी गोष्ट संसाराची इतकी वर्षं उलटूनही काकांना कळत नाही, असं काकूंचं म्हणणं होतं. म्हणणं रास्त होतं. टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर गाडीच्या पुढच्या चाकांचे दोन कॅलिपर, आणि त्यांतून गळालेलं ब्रेक ऑइल वर्तमानपत्राची हद्द ओलांडून काकूंच्या नव्या टेबलक्लॉथकडे निघालेलं.

"हे मेलेलं धूड आधी उचला इथून," काकू म्हणाल्या.

"मेलेलंच आहे. म्हणून तर पंचनामा चाललाय," काका म्हणाले.

कॅलिपर म्हणजे ब्रेकचा जबडा. चाकाबरोबर लोखंडाची एक चकती फिरत असते आणि हा जबडा तिच्या कडेवर बसलेला असतो. पेडल दाबलं की ऑइलच्या जोरानं आतला पिस्टन पुढे सरकतो, चकती दोन पॅडच्या चिमटीत सापडते आणि गाडी थांबते. टेबलावरच्या जोडीतला एक पिस्टन गंजून जागच्या जागी बसला होता. दुसरा आपल्या लहरीप्रमाणे कधी हलायचा, कधी नाही.

गाडी काकांच्या दादाची. दोनच माणसांची, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकून बसल्यासारखी बुटकी. तिच्या खोडीही बऱ्याच होत्या. हँडब्रेक दोन सीटच्या मध्ये नसून चालकाच्या दाराकडच्या अंगाला होता, शेजारच्याचा हात तिथवर पोचायचा नाही. शेजारी बसणाऱ्यानं लुडबुड करू नये म्हणून ही सोय आहे, असं दादा सांगायचा. गेल्या वर्षी तो गेला आणि गाडी त्याच्या मुलीकडे आली.

मुलीला घरात सगळे बारकी म्हणत. आता ती सगळ्यांपेक्षा उंच झाली होती आणि कपड्यांच्या दोरीला तिचं डोकं अडकायचं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आई तर आधीच गेलेली, त्यामुळे काका-काकूंचं घर हेच तिचं घर. घाटापलीकडच्या शहरात तिला नोकरी लागली होती, आणि बाबांची गाडी घेऊनच रुजू होणार असा तिनं धोशा लावला होता.

"घाट उतरायचाय," काका म्हणाले. "चढायला इंजिन लागतं, ते तुझ्या बाबानं ठणठणीत ठेवलंय. उतरायला ब्रेक लागतो. तो झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही."

"मग लाल लावूया," बारकी म्हणाली. तिच्या फोनवर मोठ्या गाडीचे चार पिस्टनचे कॅलिपर होते, लिपस्टिक लावल्यासारखे लालभडक. "दिसतात कसले! आणि डबल ताकद."

काकांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. थांबवण्याच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. "पिस्टन चार म्हणजे त्यांना ऑइलही तेवढं जास्त लागणार. तेवढं ढकलायची या गाडीच्या पंपाची टाप नाही. तू पेडल दाबशील आणि ते जाईल खाली जमिनीला. शिवाय हे धूड आपल्या चाकाच्या रिंगमध्ये मावणारही नाही, घासेल. लाल रंगानं गाडी थांबत नसते."

"मग नवे साधे?"

"कुठल्या भट्टीत ओतलेत कोणास ठाऊक. मूळ कंपनीचे, वापरलेले मिळाले तर बघू. तेच घ्यायचे."

दादाच्या मागे ही एकच पोर उरली होती. तिचं बरंवाईट झालं तर आपण जगून काय करायचं, असं काकांना अगदी सरळ वाटे. ते बोलून दाखवत नसत. ब्रेकबद्दल बोलत.

२

जुन्या गाड्या उकलून भाग विकणाऱ्याचं दुकान म्हणजे लांबट, अंधारी खोली. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर आरसे, हँडल, दिवे, स्टिअरिंगं. दुकानदार गिऱ्हाइकाला वस्तू विकतोय की दत्तक देतोय अशा चेहऱ्यानं बसलेला असे. पण माल खरा. त्यानं आतून एक जोडी आणली. काकांनी बोटानं पिस्टन चाचपला, उजेडाकडे धरून तो बसतो ते घर पाहिलं. एक ओरखडा नाही. ओतकामावर मूळ कंपनीची खूण होती.

"गाडी ठोकलेली होती का?" काकांनी विचारलं.

"पुढून काहीच लागलेलं नव्हतं," दुकानदार म्हणाला.

उत्तर जरा तिरपं वाटलं, पण काकांना हवं होतं ते पुढचंच. त्यांनी जोडी पिशवीत टाकली.

"हवा बाटलीनं काढा," दुकानदार मागून म्हणाला. "एकट्यानं होते. त्या बाटल्या आहेत माझ्याकडे."

ब्रेकचे भाग बदलले की नळ्यांत हवा शिरते आणि ती काढावी लागते, नाहीतर पेडल उशीवर पाय ठेवल्यासारखं मऊ लागतं. हल्ली गॅरेजात हे काम एकटा माणूस झडपेच्या बाटलीनं करतो. काकांनी मात्र ते जन्मभर दादाबरोबर केलं होतं. एक जण पेडलवर, एक जण चाकाशी.

"बाटलीला काय कळतंय?" ते म्हणाले. "आम्ही दोघं आहोत घरी."

दुकानदारानं मान हलवली आणि दिव्याची काच पुसायला घेतली.

३

शनिवारी सकाळी गाडी घरामागच्या शेडमध्ये स्टँडवर चढली. पुढची चाकं काढून भिंतीला लावली. काकांनी कुठला नट कुठे, कुठल्या पान्यानं, सगळं समजावून दिलं, नळ्या मोकळ्या केल्या, आणि जेवण झाल्यावर जरा आडवे झाले. उठून आले तोवर बारकीनं दोन्ही कॅलिपर बसवून टाकले होते. कोपरापर्यंत काळी झाली होती आणि लग्न जमल्यासारखी खूश होती.

"शाबास! आता हवा," काका म्हणाले. "बस आत. आणि नीट ऐक. मला चाकाशी बसून तुझा पाय दिसत नाही, तुला माझा हात दिसत नाही. मधे काय तो आवाज. मी 'दाब' म्हणेन, तू दाबायचंस आणि 'दाबलं' म्हणून सांगायचंस. मी स्क्रू सैल करीन, हवा बाहेर येईल, पेडल खाली जाईल. घाबरायचं नाही, पाय तसाच ठेवायचा. मी स्क्रू आवळून 'सोड' म्हटलं की सोडायचं. आधी सोडलंस तर बाहेरची हवा आत, आणि सगळी मेहनत पाण्यात. डोकं चालवायचं नाही. दाब म्हटलं की दाब."

"आणि सोड म्हटलं की सोड. ऑफिसात जायच्या आधीच साहेब मिळाला," बारकी म्हणाली.

काम सुरू झालं. काका उजव्या पुढच्या चाकाच्या जागी पाटावर बसले, हवा काढायच्या बारीकशा स्क्रूला पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक बरणीत सोडलं. दाब. दाबलं. सोड. दाब. दाबलं. सोड. दादाबरोबर असंच चालायचं, आणि मधूनच दादा शिवी हासडायचा. काकांना बरं वाटलं. गेल्या वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

मध्येच त्यांनी पाना खाली ठेवून हात पुसायला फडकं घेतलं.

"दाबलं!" आतून बारकी म्हणाली.

पोरगी लयीत आली, असं काकांना वाटलं. त्यांनी घाईघाईनं पाना उचलला. पुढच्या खेपेला बरणी सरळ करत होते, तेवढ्यात पुन्हा आतून आवाज. "दाबलं!"

"बारकी, मी म्हणायच्या आत दाबू नकोस गं."

"म्हणालात की!"

"कधी?"

"आत्ता. बरं, सोडू का?"

"सोड," काका म्हणाले. मनात म्हणाले, म्हटलंही असेल. सवयीचं तोंड, आपोआप चालतं.

४

दोन्ही बाजू झाल्या तरी पेडल मऊच. नळीतून स्वच्छ ऑइल येत होतं, बुडबुडा औषधालाही नव्हता, आणि पेडल मात्र उशी ती उशीच. काकांनी पुन्हा सगळं केलं. तेच. शेवटी ते टॉर्च घेऊन आडवे पडले, आणि पडल्या पडल्याच हसले. हवा काढायचा स्क्रू कॅलिपरच्या खालच्या अंगाला होता.

"डाव्याचा उजवीकडे लावलायस तू," ते म्हणाले. "उलटे बसलेत. हवा वर चढणार आणि आपण खालून काढतोय. वर्षभर काढली तरी निघायची नाही. चूक मोठी नाही, नवशिके करतात. पण हा ब्रेक घेऊन तू घाटात गेली असतीस तर पहिल्या उतारालाच..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

बारकी गाडीतून उतरली होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"पण तुम्हीच सांगितलंत तसं."

"मी?"

"तुम्ही आत होतात तेव्हा. मला वाटलंच होतं की काहीतरी चुकतंय. मी ओरडून विचारलंसुद्धा, काका, डावा उजवीकडे? तुम्ही म्हणालात, हो, तसाच लाव."

"अगं, मी झोपलो होतो."

"मग झोपेत म्हणालात. पण म्हणालात."

काकूंना साक्षीला बोलावलं. "हे झोपेत घोरतात," काकूंनी निकाल दिला. "बोलत नाहीत. बोलले असते तर मला दुपारचं काही कळलं तरी असतं, घोरण्यानं नुसती खिडकी हलते." सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. त्यांचे वडील शेवटी शेवटी असंच करायचे. एखादी गोष्ट बोलायचे, आणि मी बोललोच नाही म्हणून सगळ्यांशी भांडायचे. भिंतीकडे तोंड करून कामाच्या सूचना देत बसायचे.

कॅलिपर काढून सरळ बसवले आणि पुन्हा पहिल्यापासून हवा. आता काका जिभेवर लक्ष ठेवून होते. प्रत्येक 'दाब' मुद्दाम, मोठ्यानं, मोजून मापून. पहिलं चाक सुरळीत झालं. दुसऱ्या चाकाशी बसून त्यांनी स्क्रूवरची रबरी टोपी काढली आणि नेहमीप्रमाणे दातांत धरली. दोन्ही हातांनी नळी चढवत होते. टोपी थुंकायची, मग म्हणायचं.

"दाबलं!" बारकी म्हणाली.

काका हलले नाहीत. टोपी दातांत तशीच होती. रबराची कडू चव जिभेवर उतरत होती.

"काका? दाबलंय. किती वेळ धरू?"

शेडच्या पत्र्यावर एक पक्षी चालत होता, त्याची नखं वाजत होती.

"बरं," बारकी म्हणाली आणि पेडल वर आल्याचा बारीक उसासा नळीतून ऐकू आला. तिनं पाय सोडला होता. तिला कुणीतरी 'सोड' म्हटलं होतं.

५

काका न्हाणीघरात गेले, दार लावलं आणि आरशासमोर उभे राहून टोपी दातांत धरली. 'दाब' म्हणून पाहिलं. ओठ जुळतात, घसा हलतो, काहीतरी 'डाब'सारखं बाहेर पडतं. म्हणजे म्हणता येतं. अगदीच अशक्य नाही. एखाद्या लिफ्टमध्ये दोष सापडत नसला की ते असंच करायचे. अशक्य काय ते आधी बाजूला काढायचं, मग शक्य असेल त्यातलं सगळ्यात साधं धरायचं. सगळ्यात साधं हे, की म्हातारपण लागलं. आपलं तोंड आपल्याला न विचारता बोलायला लागलं. वडिलांसारखंच. तरीही दुसरा जो विचार होता त्यापेक्षा त्यांना हाच बरा वाटला.

"अहो, आत कुणाशी बोलताय?" बाहेरून काकूंनी विचारलं.

"बोलत होतो का मी?"

"मग? चांगलं चाललंय की मघापासून. दाब, सोड, दाब, सोड."

काकांनी एकदाच म्हणून पाहिलं होतं. 'सोड' तर म्हटलंही नव्हतं.

त्या संध्याकाळी गाडी स्टँडवरून उतरवली. पेडल आता दगडासारखं घट्ट होतं. बारकी ती शेडमधून फाटकापर्यंत चालवत आणणार होती, माणूस चालतो त्या वेगानं. काका फाटकाशी उभे होते. गाडी आली, छान थांबली, आणि मग हळूच पुन्हा पुढे सरकली. काका बाजूला झाले नसते तर त्यांच्या नडग्या फाटकाला चिकटल्या असत्या. बंपर फाटकाच्या पत्र्यावर टेकला, ठण्ण करून.

"का सोडलंस?" काका ओरडले.

बारकी पांढरीफटक झाली होती. "सोड म्हणालात ना!"

काका तिच्या डोळ्यांसमोर उभे होते. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

६

दुकानदार विकलेला माल परत घेत नसे, तशी पाटीच होती. पण काकांनी पिशवीतून ती जोडी काढल्यावर तो कारण न विचारता शिडीवरून उतरला.

"बाटलीनं काढली नाहीत हवा," तो म्हणाला.

"नाही."

"पेडलवर कोण होतं?"

"पुतणी."

"आणि गाडी कोण चालवणार?"

"तीच."

दुकानदारानं कॅलिपर उचलले आणि टेबलाखालच्या पेटीत ठेवून दिले, फळीवर नाही. मग पाठ करून बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. परत आला तो नवे, वेष्टनातले कॅलिपर घेऊन. साधे, एका पिस्टनचे.

"हे न्या. चांगले आहेत. मी बसवलेत आधी."

"जुन्यांत काय होतं?" काकांनी विचारलं.

"काही नव्हतं हो त्यांच्यात," दुकानदार म्हणाला. त्याचा चेहरा इतका मोकळा होता की काकांना ते खरं वाटलं, आणि बाहेर आल्यावर वाटलं, खोटं असतं तर बरं झालं असतं.

नवे कॅलिपर काकांनी एकट्यानं बसवले. बारकीला शेडमध्ये येऊ दिलं नाही. हवा बाटलीनं काढली, तोंड घट्ट मिटून. डॉक्टरांकडेही एकटेच गेले. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, गुडघ्यावर हातोडी मारली आणि वयाच्या मानानं उत्तम आहे म्हणून सांगितलं. मग काकांनी रोज सकाळी गाडी बाहेर काढून आसपासचे सगळे उतार पालथे घातले. ब्रेक एखाद्या चांगल्या लिफ्टसारखा होता. मागाल तिथे थांबायचा, झटका नाही, आवाज नाही. आणि गाडीत त्यांच्याशिवाय कुणी बोलत नव्हतं. काकांचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत गेला.

पण एवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. त्यांना एकट्याला कधीच काही ऐकू आलं नव्हतं. ऐकू यायचं ते बारकीला.

"गाडी ठेवून जा," त्यांनी शेवटी सांगून पाहिलं. "बसनं जा. गाडी मी मागाहून आणतो."

"काका, दोष गाडीत आहे की तुमच्यात?" बारकीनं विचारलं. ती चिडलेली नव्हती. तिनं त्यांचा हात हातात घेतला होता. "काकू म्हणाल्या तुम्ही डॉक्टरांकडे गेला होतात. आजोबांसारखं होतंय का तुम्हाला? तसं असेल तर तसं सांगा. मी नोकरीच घेत नाही. इथेच राहते."

काकांना गलबलून आलं. पोरीनं आपल्यापायी घरी बसावं, हे तर घाटापेक्षा वाईट. "माझ्यातच आहे," ते म्हणाले. "मधूनच बोलून जातो, भान राहत नाही. गाडी ठीक आहे. उद्या एकदा टेकडीवरून तू उतरवून दाखव, मी शेजारी बसतो. नीट उतरवलीस तर जा खुशाल."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन छान पडलं होतं. टेकडीचा रस्ता बारकीच्या पायाखालचा नव्हता. वरपर्यंत काकांनीच गाडी नेली. माथ्यावर दोघांनी जागा बदलली आणि काकांनी तिला नियम सांगितले. आवाजाचं प्रकरणच त्यांनी काढून टाकलं होतं.

"माझं तोंड भरवशाचं नाही. मी काहीही बोललो तरी ऐकायचं नाही. ओरडलो तरी नाही, बहिरी हो. तुझ्या खांद्यावर एक थाप मारीन, म्हणजे दाब. दोन मारल्या, म्हणजे सोड. सोडलंस की पूर्ण सोड आणि पुढची थाप येईपर्यंत पेडलला शिवू नकोस. नवे पॅड चकतीला घासत तर नाहीत ना, गाडी मोकळी धावते ना, ते मला बघायचंय. माझा हात काही माझ्या नकळत उठत नाही. त्याच्यावर विश्वास ठेव."

"लहानपणापासून मोठ्यांचं ऐक म्हणून कान किटवलेत," बारकी म्हणाली. "आणि आता ऐकू नको."

"आता नको."

गाडी सुटली. पहिल्या उतारावर काकांनी तिच्या डाव्या खांद्यावर थाप दिली. बारकीनं दाबलं, गाडी अदबीनं हळू झाली. दोन थापा. गाडी मोकळी झाली, वारा खिडकीतून आत आला. पॅड घासत नव्हते. पुन्हा एक. पुन्हा दोन. बारकीच्या चेहऱ्यावर दादाचं हसू आलं, जिवणीच्या एकाच बाजूला येणारं. किती दिवसांनी आलं होतं.

"ऐकलं नाही हं मी," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही मघाशी म्हणालात, सोड. दोनदा म्हणालात. मी ढिम्म."

एवढा एक 'काय' सोडला तर काकांनी माथ्यापासून ओठ आत ओढून घेतले होते. त्यांनी मान डोलावली. म्हणजे आहे. पण त्यांच्या मनात आलं, असू दे. बोलू दे काय बोलायचंय ते. पोरगी ऐकत नाही ना, मग झालं. नुसत्या आवाजाला पेडल दाबता येत नाही.

शेवटचा उतार सरळ आणि तीव्र होता. त्याच्या टोकाला एक आंधळं वळण, आणि वळणाला लागूनच चौक, जिथून खाणीचे ट्रक थांबत नसत. हे काकांना माहीत होतं, बारकीला नव्हतं. वळणाच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबवायची आणि आपण चाक हातात घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी थाप दिली. बारकीनं दाबलं. गाडी हळू होऊ लागली. काकांनी हात परत मांडीवर आणून ठेवला. दोन्ही हात मांडीवर, एकात एक गुंतवलेले.

बारकीच्या खांद्यावरचा सदरा खाली दबला.

चार बोटं आणि अंगठा. कापडाला पडलेले पाच खड्डे उन्हात स्वच्छ दिसत होते, आणि त्यांच्यावर काही नव्हतं. खड्डे उठले, सदरा सैल झाला. मग पुन्हा दबला, त्याच जागी.

बारकीनं पाय उचलला. पूर्ण, सांगितलं होतं तसा. गाडी उताराला लागली.

काकांनी हात टाकला तिच्या खांद्यावर. तो खांद्याला पोचला नाही. खांद्याच्या जरासं वर तो कशावर तरी पडला आणि तिथेच राहिला. उबदार होतं. खाली बोटांची पेरं लागत होती, आणि पहिल्या बोटाच्या कडेला पाना धरून धरून पडलेला घट्टा, त्यांच्या स्वतःच्या बोटाला होता तसाच. त्यांनी दुसऱ्यांदा थाप मारली. ती त्याच हातावर बसली. बारकीच्या सदऱ्याची सुरकुतीसुद्धा हलली नाही. ते हँडब्रेककडे झेपावले, तर पट्ट्यानं छातीत आवळून मागे खेचलं.

"दाब!" काका ओरडले. "बारकी, दाब! मी आहे, मी म्हणतोय! दाब!"

बारकीची नजर रस्त्यावर होती, दोन्ही हात चाकावर, पाय पेडलपासून दूर. थापेची वाट बघत होती. काकांचं सगळं ऐकलं होतं तिनं, अक्षर न् अक्षर.

"ओरडा किती ओरडायचं ते," ती हसून म्हणाली. "मी नाही ऐकणार."

आणि वळण आलं.